गुलाबाच्या काट्याआधीचा मेचनिकोव्ह

तळ्यातली (धागाकर्ती)

रोगप्रतिकारशक्तीवर काहीही वाचायला घ्या, इल्या मेचनिकोव्हची एंट्री ठरलेली. सिसिलीतलं मेसिना, तारामाशाचा पारदर्शक डिंभ (म्हणजे अंड्यातून निघालेलं पिल्लू, अजून प्रौढ न झालेलं), त्यात खुपसलेला गुलाबाचा काटा, दुसऱ्या दिवशी काट्याभोवती गोळा झालेल्या पेशी. पुढच्या परिच्छेदात थेट १९०८ चं नोबेल. जणू हा माणूस ३७ व्या वर्षी मेसिनाच्या किनाऱ्यावर आभाळातून पडला.

माझं म्हणणं असं की काट्याआधीची १८ वर्षं वगळली तर काट्याला काही अर्थच उरत नाही. हा गडी प्राणिशास्त्रज्ञ, त्यातही भ्रूणशास्त्रज्ञ. रोगांशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. भ्रूणशास्त्रातलं एक भांडण तो लढत होता आणि त्या भांडणातून प्रतिकारशक्तीचा सिद्धांत हाती लागला. तेच भांडण इथे मांडते.

जन्म १८४५, खारकीवजवळच्या खेड्यात. खारकीव आज युक्रेनमध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात. वडील झारच्या गार्ड पलटणीत अधिकारी; पीटर्सबर्गमध्ये बायकोच्या माहेरचा पैसा उडवून झाल्यावर गावच्या जमिनीवर येऊन राहिले. पोरगं झाडं-किडे यांत रमणारं आणि कमालीचं उतावळं. खारकीव विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत उरकला आणि १८६४ मध्ये, १९ व्या वर्षी, समुद्री प्राणी बघायला हेलिगोलँड बेट गाठलं.

तिथून जर्मनीत गीसेनला, लॉयकार्ट यांच्याकडे. परजीवी कृमींमध्ये तेव्हा त्यांचा शब्द शेवटचा. मेचनिकोव्हने गोलकृमींच्या जीवनचक्राबद्दल काही शोधलं, लॉयकार्टनी ते आपल्या नावावर छापलं. विशीतल्या पोराने गप्प बसायचं, तर ह्याने जाहीरपणे छापून वाद घातला. आयुष्यभर हेच. प्रत्येक मोठ्या माणसाशी पंगा.

पण १८६५ मध्ये गीसेनलाच त्याला एक गोष्ट दिसली. जमिनीवर राहणाऱ्या एका चपट्या कृमीच्या आतड्यातल्या पेशी अन्नाचे कण अख्खेच गिळत होत्या आणि आत घेऊन पचवत होत्या. आपल्यात पाचकरस आतड्याच्या पोकळीत येतो आणि अन्न तिथे विरघळतं. इथे एकेक पेशी स्वतःच जेवत होती, अमीबासारखी. त्याने नोंद केली आणि पुढे गेला. काट्याची गोष्ट खरी इथे सुरू होते.

त्याच वर्षी नेपल्सला त्याची गाठ अलेक्झांडर कोवालेव्स्कीशी पडली. कोवालेव्स्की पाच वर्षांनी मोठा, शांत, कमी बोलणारा. दोघं मिळून कोळ्यांकडून जिवंत प्राणी मिळवायचे आणि अंड्यापासून पुढची प्रत्येक अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचे. प्रश्न एकच होता. कोंबडी-बेडूक अशा पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत भ्रूणाचे ठरावीक थर असतात: बाहेरच्यातून कातडी आणि मज्जासंस्था, आतल्यातून आतडं, मधल्यातून स्नायू आणि रक्त. कार्ल फॉन बेअर आणि मंडळींनी हे आधीच दाखवलं होतं. मग कृमी, जेलीफिश, गोगलगाय, कीटक यांच्यातही हेच थर असतात का? असतील तर डार्विनच्या म्हणण्याला केवढा आधार! सगळे प्राणी एका मुळातून आले, याचा पुरावा प्रत्येक अंड्यात बघायला मिळणार. १८६७ मध्ये या कामासाठी दोघांना बेअरच्याच नावाचं पहिलं पारितोषिक विभागून मिळालं. गंमत म्हणजे खुद्द बेअर डार्विनवादी नव्हते.

त्याच वर्षी मेचनिकोव्ह ओडेसाच्या विद्यापीठात शिकवू लागला. वय २२. काही विद्यार्थी त्याच्याहून मोठे होते.

आता भांडण. कोवालेव्स्कीने अँफिऑक्ससमध्ये, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या पण कणा नसलेल्या छोट्या समुद्री प्राण्यात, दाखवलं की भ्रूण आधी पेशींचा पोकळ गोळा असतो आणि मग रबरी चेंडू अंगठ्याने दाबावा तशी त्याची एक बाजू आत जाते. आत गेलेली बाजू म्हणजे आतडं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेलने १८७० च्या दशकात यावरून मोठी घोषणा केली: सगळ्या बहुपेशीय प्राण्यांचा पूर्वज असाच पेल्याच्या आकाराचा, पोट असलेला जीव होता. त्याला नाव दिलं गॅस्ट्रिया. आकृती सुबक, कल्पना सोपी, लोकांनी उचलून धरली.

मेचनिकोव्ह म्हणाला, नाही. स्पंज आणि जेलीफिशच्या खालच्या गटांत बघा. तिथे बाजू आत दबत नाही. गोळ्याच्या भिंतीतून एकेक पेशी सुटते, आत उतरते, भटकते आणि हळूहळू आतली पोकळी भरते. पोट नाहीच. या आतल्या भटक्या पेशीच अन्न गिळतात. मूळ पूर्वज असा असणार: बाहेर पेशींचं आवरण, आत खाणाऱ्या पेशींची दाटी. पोट नंतरचं.

आणि मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. ज्या प्राण्यांना पोट आलं, त्यांच्यात त्या जुन्या खादाड पेशींचं काय झालं? त्यांना तर काम उरलं नाही. मेचनिकोव्हचं उत्तर: त्या मधल्या थरात अजून आहेत, भटकतात, आणि मिळेल ते खातात. डिंभाचा प्रौढ होताना नको झालेले अवयव नाहीसे होतात, तेही याच पेशी फस्त करतात.

हे सगळं डोक्यात घेऊन १८८२ मध्ये तो मेसिनाला गेला. अन्न खातात, आपल्याच अंगातला कचरा खातात, मग बाहेरून घुसलेलं काही खातील का? त्यासाठी काटा. म्हणून मला ती गोष्ट एकटी सांगितलेली आवडत नाही.

आयुष्याबद्दल थोडक्यात. पहिली बायको ल्युडमिला क्षयाने इतकी खंगली होती की १८६९ मध्ये लग्नाला तिला खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. चार वर्षं तो तिला घेऊन हवापालटासाठी फिरला. १८७३ मध्ये मदिरा बेटावर ती गेली. त्याचे स्वतःचे डोळे तेव्हा इतके बिघडलेले की सूक्ष्मदर्शकाला लावता येत नव्हते. परतीच्या वाटेवर त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, त्यातून वाचला. पुढे जिनिव्हात एका रात्री ऱ्होन नदीवरच्या पुलाजवळ त्याला दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा दिसला. हे किडे काही तास जगतात, खातही नाहीत, मग यांच्यावर नैसर्गिक निवड चालते तरी कशी? या प्रश्नात तो गुंतला आणि माणूस पुन्हा कामाला लागला. (ते किडे त्याला वाटले ते नव्हतेच, दुसऱ्याच जातीचे निघाले.)

१८७५ मध्ये ओल्गाशी लग्न. तिचं कुटुंब त्याच्या वरच्या मजल्यावर राहायचं आणि पोरांच्या दंग्याची तक्रार करायला हा गेला होता, तिथून ओळख.

काटा, पॅरिस, नोबेल हे सगळ्यांना माहीत आहे, प्रतिसादांत येईलच.

खेकडा

वाचनखूण साठवली. ब्लास्ट्युला (तो पोकळ गोळा), गॅस्ट्रुला (तो दबलेला पेला) हे शब्द बारावीत पाठ केले होते, त्यामागे एवढी मारामारी होती हे कुणी सांगितलं नाही. तक्रार करायला गेला आणि जावई झाला, हे भारीच.

चिकित्सक_चिंतू

लेख उत्तम, पण दोन शंका.

एक, काट्याची गोष्ट मेचनिकोव्हने स्वतः लिहिली ती घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी, नोबेलच्या सुमारास. घरचे सगळे सर्कशीत माकडांचे खेळ बघायला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी, अचानक डोक्यात वीज चमकते, बागेत धावतो, पोरांसाठी नाताळचं झाड म्हणून सजवलेल्या संत्र्याच्या रोपाजवळून काटे आणतो, रात्रभर झोप नाही. पटकथा म्हणून झकास. पण तुम्हीच वर दाखवलंत की हा विचार वर्षानुवर्षं शिजत होता. मग वीज कुठली?

दोन, पेशी कण गिळतात हे आधी इतरांनीही बघितलं होतं. आणि त्यातला एक कोण? हेकेल! १८६२ मध्ये त्याने एका समुद्री गोगलगायीच्या शरीरात निळीचे कण सोडले आणि रक्तपेशींनी ते आत घेतलेले पाहिले. ज्याच्याशी आयुष्यभर भांडण, त्यानेच वीस वर्षं आधी बघून ठेवलं होतं.

तळ्यातली

चिंतूशेठ, वीज नव्हतीच, हेच तर मी म्हणतेय. सर्कस आणि माकडं राहू देत, गोष्टीला रंग येतो.

हेकेलचं खरं आहे. पण त्याने कण आत गेलेले पाहिले, त्यामागे काही काम आहे असं त्याला सुचलं नाही. १८७० च्या दशकात पॅथॉलॉजीवाल्यांनाही पांढऱ्या पेशींत जंतू दिसले होते. त्यांचा अर्थ काय काढला? जंतू पांढऱ्या पेशींत शिरतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन अंगभर पसरतात. म्हणजे उलटाच. ज्याने आधी स्पंजमध्ये पेशींना जेवताना पाहिलं होतं, त्यालाच हे दृश्य जेवणाचं वाटलं.

पॅथॉलॉजीचा_पांडू

इथे माझ्या खात्यातली एक भर घालतो, कारण काट्याचं खरं महत्त्व बहुतेक लेखांत येत नाही, या लेखातही निसटलंय.

त्या काळी दाह म्हणजे काय, याचं मान्य उत्तर जर्मन पॅथॉलॉजिस्ट कोनहाइमचं होतं: रक्तवाहिनीची भिंत बिघडते, त्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, म्हणून सूज, लाली, उष्णता. सगळा खेळ रक्तवाहिन्यांचा. आम्ही शिकवताना अजूनही इथूनच सुरुवात करतो.

आता तारामाशाच्या डिंभाकडे बघा. त्याला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नाहीत. काटा टोचल्यावर लाली नाही, उष्णता नाही. तरी पेशी चालत आल्या आणि काट्याला वेढा घातला. म्हणजे दाहाचा गाभा पेशींचं येणं हा आहे. रक्तवाहिन्या नंतर आल्या आणि त्यांनी वाहतूक जलद केली. उत्क्रांतीच्या क्रमाने दाह मांडणारा हा पहिला माणूस. पुढे १८९१ मध्ये पॅरिसला त्याने दाहावर व्याख्यानं दिली, त्यात अमीबापासून माणसापर्यंत हाच धागा ओढलाय. डॉक्टर माणूस असता तर रक्तवाहिनी नसलेल्या प्राण्यात दाह शोधायला गेलाच नसता.

म्हणून फिरखोसारख्या पॅथॉलॉजीच्या बापमाणसाने मेसिनात येऊन हे पाहिलं आणि त्याला सांभाळून जायला सांगितलं, याचं मला विशेष वाटतं. फिरखोने त्याला सांगितलं की पांढऱ्या पेशींबद्दल वैद्यकातलं मत याच्या बरोब्बर विरुद्ध आहे. त्यानंतर व्हिएन्नाला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना फॅगोसाइट, म्हणजे खाणारी पेशी, हे ग्रीक नाव सुचवलं. बारसंसुद्धा प्राणिशास्त्रवाल्यानेच केलं.

रत्नांग्री

पांडू डॉक्टर, काटा म्हणजे नुसता काटा हो. जंतू कुठे होता त्यात? खरा पुरावा १८८४ चा, डॅफ्नियाचा, तो सोडून सगळे काट्यापाशीच अडकतात.

शाळेत जीवशास्त्र शिकवायचो तेव्हा मत्स्यालयवाल्याकडून माशांचं खाद्य म्हणून जिवंत डॅफ्निया आणायचो. पाणपिसू म्हणतात त्यांना. काचपट्टीवर थेंबभर पाण्यात एक ठेवायचा, कापसाचे दोन धागे टाकायचे म्हणजे उड्या मारत नाही. अंग आरपार दिसतं. पाठीकडे हृदय इतकं भराभर उडत असतं की मोजता मोजता पोरं हरतात. आतडं हिरवं, कारण शेवाळ खाल्लेलं. पाठीवरच्या पोकळीत अंडी, कधी डोळे फुटलेली पिल्लंसुद्धा.

मेचनिकोव्हने पाहिलं ते हेच, फक्त आजारी डॅफ्नियात. त्यांना एका यीस्टची लागण होते. त्याचे बीजाणू सुईसारखे लांब आणि टोकदार. डॅफ्निया ते खातो, सुया आतड्याची भिंत भेदून अंगात शिरतात. मग पेशी येऊन सुईला चिकटतात, वेढतात, आणि सुई हळूहळू मोडून तिचे तुकडे होतात. असं झालं तर डॅफ्निया जगतो. एखादी सुई सुटली, तिला कोंब फुटले, तर यीस्ट वाढतं, पेशीच नष्ट होतात आणि डॅफ्निया मरतो. जिवंत प्राण्यात, डोळ्यांसमोर, जंतू विरुद्ध पेशी. दोन्ही निकाल बघायला मिळतात. काट्यात हे काहीच नाही.

खेकडा

काका, ते कापसाचे धागे घालायचं आमच्या सरांना माहीत असतं तर आमचं प्रॅक्टिकल पार पडलं असतं. :)

परळकर

मुंबईचा विषय अजून कसा निघाला नाही? मेचनिकोव्हचा ओडेसातला विद्यार्थी म्हणजे आमचे हाफकिन साहेब.

वाल्देमार हाफकिन, जन्म १८६०, ओडेसा विद्यापीठात मेचनिकोव्हच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकला. ज्यू म्हणून आणि चळवळीत म्हणून पोलिसांच्या यादीत. तिथे पुढे जायची वाट बंद. त्याचं सुरुवातीचं काम पॅरामेशियमसारख्या एकपेशीय जीवांवर. लशींशी संबंध शून्य. मेचनिकोव्ह १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत गेला, मागोमाग हाफकिनही तिथे पोचला, आणि सुरुवातीला त्याला जागा मिळाली ती ग्रंथालयात साहाय्यकाची. तिथून कॉलऱ्याची लस, १८९३ मध्ये हिंदुस्थान, आणि १८९६ च्या ऑक्टोबरात प्लेगच्या मुंबईत. ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडी जागा, एक कारकून, तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ ला प्लेगच्या लशीची पहिली सुई स्वतःला टोचून घेतली, मग महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळा, १९२५ पासून तिला त्याचं नाव.

आम्ही लहानपणापासून त्या फाटकावरून जायचो. बसचे कंडक्टर "हाफकिन" असा पुकारा करायचे, तो माणसाचं नाव आहे हे बऱ्याच जणांना माहीत नव्हतं. तेव्हा धागाकर्तीताईंचा सिद्धांत इथेही लावा: परळची लस समुद्रातल्या डिंभांपासून सुरू होते.

तळ्यातली

परळकर, एवढं लांब मी ताणणार नाही. हाफकिनची लस म्हणजे मारलेले जंतू टोचून रक्तात प्रतिकार आणणं. मेचनिकोव्हच्या खाणाऱ्या पेशींशी तिचा तसा संबंध नाही. नातं गुरु-शिष्याचं आहे, कल्पनेचं नाही. पण दोघंही प्राणिशास्त्रवाले, दोघांनी स्वतःवर प्रयोग केले. मेचनिकोव्हने १८८१ मध्ये उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं होतं, त्यात मरता मरता वाचला. त्यामागे शास्त्र किती आणि निराशा किती, यावर चरित्रकार भांडत असतात. ओल्गा त्याआधी विषमज्वराने अत्यवस्थ झाली होती आणि झारच्या हत्येनंतर विद्यापीठातलं वातावरण विटलं होतं. १८८२ मध्ये त्याने राजीनामा दिला आणि मेसिनाची वाट धरली.

चिकित्सक_चिंतू

आरती चालू आहे तर दुसरी बाजूही येऊ द्या. १८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्र केंद्र उघडलं, रशियातलं पहिलं, आणि मेचनिकोव्हला प्रमुख केलं. रेबीजची लस, मेंढ्यांसाठी अँथ्रॅक्सची लस. साहेबांना यातलं प्रत्यक्ष काम येत नव्हतं आणि आवडतही नव्हतं, ते हाताखालच्यांवर. त्यात अँथ्रॅक्सच्या लशीने हजारो मेंढ्या मेल्या. स्थानिक डॉक्टर आधीच खार खाऊन होते, ते तुटून पडले. पॅरिसला जाण्यामागे विज्ञानप्रेम होतं तसा हा पळही होता. डिंभ बघणाऱ्या माणसाला लस बनवायला बसवलं की काय होतं, त्याचं उदाहरण.

शिवाय पॅरिसमध्ये तरी तो जिंकला का? १८९० मध्ये बेहरिंग आणि किटासातो यांनी रक्तद्रवातली प्रतिविषं दाखवली, १८९४ मध्ये फायफरने दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू पेशींशिवायही शरीरात विरघळतात. जर्मन मंडळी म्हणाली, पेशी म्हणजे झाडूवाल्या, खरी लढाई द्रवात. १९०८ चं नोबेल द्रवाच्या बाजूचा एर्लिक आणि मेचनिकोव्ह दोघांत वाटलं, म्हणजे समितीनेही तडजोडच केली.

पॅथॉलॉजीचा_पांडू

चिंतू, मेंढ्यांचं मान्य. द्रव-पेशी वादावर मात्र निकाल तुझ्यासारखा सरळ नाही. १९०३ मध्ये राइट आणि डग्लस यांनी दाखवलं की रक्तद्रवातले घटक जंतूला चिकटतात आणि मग पेशी त्याला सहज गिळते. म्हणजे दोघंही बरोबर. त्यानंतर बरीच दशकं प्रतिपिंडांचाच जमाना होता हे खरं, आम्हालाही मॅक्रोफेज (मोठ्या आकाराच्या खाणाऱ्या पेशी) म्हणजे सफाई कामगार असंच शिकवलं. (मॅक्रोफेज हे नावही मेचनिकोव्हचंच.) मग माशीत आणि उंदरात जंतू ओळखणारे टोल रिसेप्टर सापडले, २०११ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यासाठी बॉइटलर आणि हॉफमन यांना मिळाला, आणि जन्मजात प्रतिकारशक्ती पुन्हा मध्यभागी आली.

धागाकर्तीताई, तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. मेंदूतले मायक्रोग्लिया, म्हणजे तिथले मॅक्रोफेज, प्रौढपणी अस्थिमज्जेतून येतात असं बरीच वर्षं बरेच जण मानायचे. २०१० मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की ते भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत, पीतक पिशवीत तयार झालेल्या पेशींपासून येतात, मेंदूत जाऊन बसतात आणि तिथेच पुढे वाढत राहतात. भ्रूणात सुटून आत भटकणाऱ्या, खाणाऱ्या पेशी. मेचनिकोव्हला हे दाखवलं असतं तर त्याने हेकेलला तार केली असती.

नको झालेले अवयव याच पेशी फस्त करतात म्हणायचा, त्यात बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीबाबत मात्र तो पूर्ण बरोबर नव्हता. शेपटीच्या पेशी आधी स्वतःच ठरलेल्या क्रमाने मरतात, मॅक्रोफेज नंतर येऊन त्या उचलतात. त्याला वाटायचं की मॅक्रोफेज चालून जाऊन खातात.

टोरांटोची_मावशी

एवढे प्रतिसाद झाले आणि दह्याचं कुणी नावही काढलं नाही! आमच्याकडे दह्याच्या डब्यांवर बल्गेरियन जंतूचं कौतुक छापलेलं असतं, ते यांचंच ना? दही खाऊन शंभर वर्षं जगा म्हणणारे ते हेच ना?

तळ्यातली

हेच, मावशी. मुद्दाम टाळत होते, कारण दह्याने याचं बाकी सगळं काम झाकून टाकलंय. पण विचारलंत तर त्यातही भ्रूणशास्त्रज्ञच दिसतो.

म्हातारपण का येतं, याचं त्याचं उत्तर: त्याच खादाड पेशी. लहानपणी कचरा उचलतात, तरुणपणी जंतू खातात, आणि म्हातारपणी आपल्याच अंगावर उलटतात. केसातला रंग त्या खातात म्हणून केस पांढरे, मज्जापेशी खातात म्हणून विसरभोळेपणा. का उलटतात? कारण मोठ्या आतड्यात कुजणाऱ्या अन्नाची विषं शरीरातल्या चांगल्या पेशी कमजोर करतात. मोठं आतडं हा पूर्वजांकडून आलेला, आता निरुपयोगी झालेला अवयव, असं त्याचं मत. मग त्या कुजण्याला आळा घालायला दूध आंबट करणारे जंतू. १९०४ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा उल्लेख केला, वर्तमानपत्रांनी उचललं, आणि पॅरिसमध्ये दह्याची लाट आली. १९०५ मध्ये ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन तरुणाने तो जंतू ओळखला. पुढे कळलं की हा जंतू आपल्या आतड्यात ठाण मांडून राहतच नाही. मोठ्या आतड्याबद्दलही तो चुकला.

त्याचं स्वतःचं दही म्हणजे उकळून साय काढलेल्या दुधात प्रयोगशाळेतला शुद्ध जंतू घालून लावलेलं. कालच्या दह्याचं विरजण त्याला चाललं नसतं, त्यात काय काय असेल कुणास ठाऊक म्हणाला असता. कच्चं काही खायचा नाही, फळंसुद्धा उकळत्या पाण्यातून काढून.

टोरांटोची_मावशी

फळं उकळून! मग तो शंभर जगला का?

परळकर

७१. जुलै १९१६, हृदयविकार. अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्यात, म्हणजे हाफकिनची पॅरिसमधली पहिली नोकरी जिथे तिथेच.

चिकित्सक_चिंतू

मला मूळ मुद्द्यावर परत यायचंय. दही आणि लस बाजूला ठेवा. भ्रूणशास्त्रातलं भांडण शेवटी कुणी जिंकलं? पाठ्यपुस्तकात गॅस्ट्रुला आहे, खेकडाने बारावीत तोच पाठ केला. मेचनिकोव्हच्या पूर्वजाचं नाव कुणी ऐकलंय? ज्या भांडणावर तुम्ही एवढी इमारत उभी केलीत, त्यात तर तो हरला.

तळ्यातली

हरला म्हणजे लोकप्रियतेत हरला. हेकेलकडे चित्रकला होती, ह्याच्याकडे जेलीफिशवरचे रटाळ जर्मन ग्रंथ. त्याने त्या काल्पनिक पूर्वजाला आधी पॅरेन्कायमेला म्हटलं, १८८६ मध्ये बदलून फॅगोसायटेला. या दुसऱ्या नावातच दोन्ही कामं एकत्र आली आहेत. काही स्पंजांच्या भरीव डिंभाला आजही पॅरेन्कायमेलाच म्हणतात. आणि पहिला बहुपेशीय प्राणी पोकळ होता की भरीव, पोट आधी की भटक्या पेशी आधी, यावर स्पंज आणि जेलीफिशवाल्यांची मारामारी अजून चालू आहे. जिंकलं कुणीच नाही.

रत्नांग्री

त्या डॅफ्नियाच्या सुईवाल्या यीस्टला आता त्याचंच नाव आहे, मेचनिकोव्हिया. त्याच्याच भाऊबंदातली एक जात द्राक्षांवर आपोआप सापडते आणि वाइन बनवताना वापरतात. ज्या जंतूला त्याच्या लाडक्या पेशी खात होत्या, त्यालाच त्याचं नाव!

खेकडा

ओल्गाबद्दल अजून सांगा ना. ती नुसती बायको म्हणूनच येते सगळीकडे.

तळ्यातली

चित्रकार आणि शिल्पकार होती, प्रयोगशाळेत त्याच्याबरोबर कामही करायची. आईवडील गेल्यावर तिची धाकटी भावंडं या दोघांनीच सांभाळली. मेसिनाला सर्कशीत गेलेली पोरं म्हणजे तीच. त्याच्या मृत्यूनंतर १९२० मध्ये तिने त्याचं चरित्र लिहिलं. वर सांगितलेली पुलावरच्या किड्यांची गोष्ट आपल्यापर्यंत तिच्यामुळेच आली. चिंतू म्हणतील त्यालाही मीठ लावूनच वाचा.

चिकित्सक_चिंतू

म्हणणारच होतो. किडे खरे मानतो, सर्कशीवर विश्वास नाही. बाकी कोवालेव्स्कीवर काही लिहाल का? सगळ्या भांडणात तो एकटाच माणूस भांडलेला दिसत नाही, आणि अर्धं काम त्याचंच आहे.

तळ्यातली

भांडला होता, मेचनिकोव्हशीच! समुद्री पिचकारी नावाच्या प्राण्याची मज्जासंस्था कुठल्या थरातून येते यावरून. त्यात मेचनिकोव्हला नंतर त्याचं म्हणणं मान्य करावं लागलं. तो वेगळा धागा काढते. अँफिऑक्ससच्या भ्रूणाच्या आकृत्या हाताने काढून स्कॅन करून देणारं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझा हात रांगोळीच्या पुढे जात नाही.

रत्नांग्री

आकृत्या माझ्याकडून. फळ्यावर तीस वर्षं त्याच काढल्या.